थकलेल्या वडिलांना हरणाच्या शिकारीला नेताना: ऑक्टोबर की नोव्हेंबर?

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा विषय घराघरांतून गेला. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात मात्र तो अजून सणासारखा पाळला जातो. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी बंदुकीचा हंगाम उघडतो आणि नऊ दिवस चालतो. त्या दिवसांत तीन-तीन पिढ्या एका लाकडी खोपटात राहतात. तिकडच्या घरांत सून किंवा जावई म्हणून गेलेल्या मराठी माणसासमोर कधी ना कधी हा प्रश्न येतोच: सासऱ्यांचे गुडघे गेलेत, काठीशिवाय चालवत नाही, पण यंदा शिकारीला जायचं म्हणतात. न्यायचं कुठे?

आमच्या सासऱ्यांसमोर दोन पर्याय होते. एक नेहमीचा, नोव्हेंबरातला: उत्तरेकडे ऱ्हाइनलँडरच्या बाजूला, शेवॉमेगन-निकोले राष्ट्रीय वनाजवळचा घरचा कॅम्प. दुसरा ऑक्टोबरच्या सुरुवातीचा: दिव्यांग परवाना असलेल्यांसाठी राज्याने राखून ठेवलेली नऊ दिवसांची बंदुकीची शिकार. यात जमीनमालक आपली शेतं आणि झाडी अशा शिकाऱ्यांना वापरू देतो. त्याला स्पॉन्सर म्हणतात. हरणं दोन्हीकडे आहेत. निवड ठरते ती गाडीचं दार आणि बसायची जागा यांच्यामधल्या वाटेवर. म्हणून पुढची कृती त्याच वाटेने जाते.

1. आधी त्यांनाच विचारा

भावंडांनी मिळून ठरवायचं आणि मग वडिलांना कळवायचं, असं करू नका. एकट्याने त्यांच्याजवळ बसा आणि थेट विचारा: शिकारीतलं नेमकं काय हवंय? काहींना हरीण टिपायचं असतं, काहींना पहाटेची ती बैठक हवी असते. काहींना रात्री शेगडीजवळचा पत्त्यांचा डाव आणि नातवंडं हवी असतात, बंदूक निमित्ताला असते. उत्तर सरळ मिळालं नाही तर जुन्या शिकारीबद्दल बोलतं करा. बोलण्यात माणसं जास्त येतात की जनावरं, याकडे लक्ष ठेवा. आमच्याकडे बायकोने विचारलं तेव्हा सासरे म्हणाले, "हरीण कुणीही मारा. मला बाहेर बसायचंय, आणि परत येताना कुणी उचलून आणलेलं नकोय." दुसरं वाक्य मला फार मोलाचं वाटलं. स्वतःच्या पायांनी परत येणं ही त्यांची अट होती आणि तिच्यामुळे अर्धा निर्णय तिथेच झाला.

2. कागद आणि डॉक्टर, दोन्ही उन्हाळ्यातच

राज्याच्या नैसर्गिक संपदा विभागाकडून दिव्यांग शिकाऱ्याचा परवाना मिळतो. त्यासाठी डॉक्टरांनी भरलेला अर्ज लागतो. परवान्यांचे ए, बी, सी, डी असे वर्ग आहेत आणि सगळ्यांना सारखी मुभा नसते. उभ्या गाडीतून गोळी झाडायची सवलत काही वर्गांनाच मिळते. तात्पुरत्या दुखण्यासाठी दिलेला थोड्या मुदतीचा बी परवाना ऑक्टोबरच्या राखीव शिकारीला चालत नाही. त्यामुळे अर्ज करण्याआधी वर्ग समजून घ्या. स्पॉन्सरची नावं विभागाच्या यादीत असतात. ऑगस्ट संपायच्या आत त्यांच्याशी बोलून जागा पक्की करा. पानं पिवळी पडायला लागल्यावर फोन केला तर उपयोग होत नाही.

डॉक्टरांना फक्त "शिकारीला जाऊ का?" असं विचारू नका. नेमकं विचारा. पेसमेकर ज्या बाजूला आहे त्याच खांद्यावर बंदुकीचा दस्ता टेकतो का? तसं असेल तर हृदयाच्या डॉक्टरांचं स्पष्ट मत घ्या, कारण दस्त्याच्या धक्क्याने पेसमेकरच्या तारेला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर खांद्यावर मोठा काळानिळा डाग उठू शकतो. लघवीची गोळी सकाळी घ्यायची असेल तर त्या दिवशी तिची वेळ बदलता येईल का, हेही विचारा. लपणात, म्हणजे हरणांपासून दडून बसायच्या आडोशात, बसल्यावर दर वीस मिनिटांनी उठावं लागलं तर तो दिवस वाया जातो, आणि लाजेपायी माणूस पाणी प्यायचंच सोडून देतो.

3. वाट स्वतः चालून बघा

हे काम फोनवर होत नाही. दोन्ही जागा ऑगस्ट-सप्टेंबरात बघून या आणि वडिलांच्या चालीने चाला. गाडी कुठपर्यंत जाते, तिथून किती पावलं, मध्ये ओंडके, ओढा, दलदल, चढ काय काय आहे, टेकायला जागा कुठे आहे, सगळं लिहून काढा. मग घराजवळच्या मैदानात तेवढ्याच पावलांची वाट वडिलांसोबत चाला, जाड बूट आणि कोट घालून. मध्ये ते किती वेळा थांबतात ते बघा. अंधार, बर्फ आणि थकवा यांनी ही वाट दुप्पट लांब होते, असं धरून चाला.

आमच्या कॅम्पवरची सासऱ्यांची जुनी जागा टॅमरॅक झाडांच्या दलदलीपलीकडे होती. धडधाकट माणसालाही तिथे पाय उचलून टाकावा लागतो. स्पॉन्सरच्या शेतात ट्रॅक्टरची वाट थेट लपणाच्या दारापर्यंत जात होती.

फोनला रेंज कुठे मिळते आणि कुठे जाते, हेही त्याच फेरीत बघा. उत्तरेच्या जंगलात ती बऱ्याच ठिकाणी मिळत नाही. तिथून सगळ्यात जवळचं इस्पितळ गाडीने किती लांब आहे, ते लिहून खिशात ठेवा.

4. बैठक

इथे घाई करू नका. शिकारीचा जवळजवळ सगळा वेळ बसण्यात जातो.

झाडाला टेकवलेल्या शिडीच्या मचाणाचा विचारही नको. तरणी माणसंसुद्धा त्यावरून पडतात. जमिनीवरचं लपण घ्या, मग ते लाकडी असो की तंबूसारखं. तंबूच्या लपणाला दाराशी खाली कापडाची पट्टी असते. घोट्याएवढी ती पट्टी ओलांडताना अडखळून पडायला होतं, म्हणून ती खिळ्यांनी जमिनीला सपाट बसवा किंवा मालकाला विचारून कापून टाका. चाकाची खुर्ची असेल तर ती आत वळते का, ते प्रत्यक्ष फिरवून बघा.

कॅम्पिंगची घडीची खुर्ची नेऊ नका. तिच्यात माणूस खाली रुततो आणि गुडघ्यांना उठवत नाही. पाठ सरळ, हात टेकायला दांडे आणि बैठक गुडघ्याच्या किंचित वर असेल अशी खुर्ची हवी. घरातली जेवणाच्या टेबलाची खुर्ची यासाठी उत्तम. पायाखाली जुना गालिचा अंथरा: पाय गार पडत नाहीत आणि आवाजही होत नाही. मग वडिलांना त्या खुर्चीत बसवा आणि खिडकीची उंची त्यांच्या डोळ्यांशी जुळवा. हे काम तुमच्या डोळ्यांच्या अंदाजाने करू नका, त्यांना बसवूनच करा.

बसल्या जागी उजव्या हाताने नेम धरणाऱ्याची नळी डावीकडे सहज वळते, उजवीकडे वळवायला अख्खं अंग फिरवावं लागतं. मान आखडलेल्या माणसाला ते जमत नाही. म्हणून हरणं येण्याची वाट समोर आणि थोडी डावीकडे येईल अशी खुर्ची लावा. डावखुऱ्यासाठी हेच उलट करा.

लघवीसाठी झाकणाची रुंद तोंडाची बाटली आत ठेवा आणि आधीच सांगून ठेवा, की गरज पडली तर तुम्ही दोन मिनिटं बाहेर उभे राहाल. हे बोलून टाकलं की अवघडलेपण उरत नाही.

5. बंदूक

थर्टी-ऑट-सिक्स ही घराण्याची बंदूक असेल, पण तिचा धक्का ऐंशीच्या घरातल्या खांद्याला सोसत नाही. टू-फॉर्टी-थ्री विंचेस्टरचा धक्का बराच हलका आहे आणि योग्य गोळी व माफक अंतर असेल तर ती हरणाला पुरते. तिपाईवर बंदूक धरून ठेवणारा आधार घेतला की हातांची थरथर नेमात येत नाही. महिनाभर आधी मैदानावर सराव करा, त्याच खुर्चीत बसून आणि त्याच कोटात. पाच गोळ्या पुरे. जेवणाच्या थाळीएवढ्या वर्तुळात सगळ्या गोळ्या किती अंतरावरून बसतात ते पाहा. तीच त्या दिवसाची मर्यादा, आणि ती वडिलांना स्वतःच्या तोंडाने ठरवू द्या. लपणात आवाज फार घुमतो, म्हणून श्रवणयंत्र काढून कानांवर संरक्षक मफ लावा.

6. आता दोन्ही समोरासमोर ठेवा

नोव्हेंबरची बाजू आधी घेतो, कारण माझं मन तिकडे ओढतं. पानं झडलेली असतात, दूरवर दिसतं, बर्फावर माग स्पष्ट उमटतो. दुपारी पोरं हाका काढतात, तेव्हा आजोबांना गाडीवाटेच्या तोंडाशी बसवता येतं. मात्र हाका निघण्याआधी कोणत्या दिशेला गोळी झाडायची नाही, हे हात करून दाखवा आणि त्यांच्याकडून परत वदवून घ्या. अडचण थंडीची आहे. गोठणबिंदूखालच्या हवेत रक्तवाहिन्या आखडतात आणि हृदयावर ताण येतो. शिवाय साडेचारच्या आत सूर्य मावळतो, म्हणजे परतीची वाट अंधारातली.

ऑक्टोबरात झाडांवर अजून पानं असतात, त्यामुळे नजर जवळच अडते. पण हवा सौम्य असते, सूर्य साडेसहाच्या सुमाराला मावळतो आणि हरणं संध्याकाळी चरायला शेताच्या कडेला येतात. पहाटे चारला उठवायची गरजच नाही: दुपारी जेवून, थोडी झोप काढून तीनला बसवलं तरी चालतं. म्हाताऱ्या शरीरासाठी ही सवलत मी सगळ्यांत मोठी मानतो. गोचिडी मात्र तेव्हा असतात आणि विस्कॉन्सिनात त्यांच्यापासून लाइम रोग होतो. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत आणि कमरेशी कुणीतरी नीट बघा. वडिलांना ते स्वतःला दिसत नाही.

चालण्याच्या चाचणीत दोनपेक्षा जास्त वेळा थांबावं लागलं, किंवा थंडीत छातीत दुखत असेल, तर ऑक्टोबर घ्या. पाय अजून बरे असतील आणि पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात माणसंच माणसं आली असतील, तर नोव्हेंबर घ्या आणि जुनी जागा सोडून गाडीवाटेलगत नवं लपण बांधा. आम्ही ऑक्टोबर घेतला.

तरीही नोव्हेंबरातला त्यांचा कॅम्प बंद करू नका. बंदूक न घेता जायला परवाना लागत नाही. चूल, रश्श्याचं भांडं, कोण कुठे बसलंय त्याची वही आणि रात्रीचा शीप्सहेड हा पत्त्यांचा डाव त्यांच्याकडे राहू द्या. हे भावंडांना आधीच सांगा, म्हणजे "यंदा बाबा येणार नाहीत" अशी बातमी पसरत नाही.

7. हरीण पडल्यावर

त्यांना उठू देऊ नका. खुर्चीतून नळी खाली, काडतूस बाहेर, मग पाणी. माग काढायला आणि ओढायला दोन धट्टीकट्टी माणसं आधीपासून ठरलेली हवीत. साफ केलेला मोठा नर साठ-सत्तर किलो भरतो आणि तो ओढताना हृदयविकाराचा झटका येऊन माणसं दगावतात. पोट साफ करताना मात्र वडिलांना जवळ खुर्ची द्या आणि त्यांच्या सूचनांप्रमाणे सुरी चालवा.

अंगावर कमरेच्या वरच्या कपड्यांचा निम्मा भाग तरी भडक नारिंगी किंवा भडक गुलाबी असायला हवा, टोपीसुद्धा. ऑक्टोबरात हरीण रात्रभर झाडाला टांगून चालत नाही. बर्फाच्या पिशव्या पोटात भरा आणि त्याच संध्याकाळी खाटकाकडे न्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत ऑनलाइन किंवा फोनवर नोंद करा. विस्कॉन्सिनात 2002 पासून हरणांमध्ये मेंदू पोखरणारा सीडब्ल्यूडी हा रोग आढळतो, म्हणून डोक्याचा नमुना विभागाच्या तपासणी केंद्रात द्या. निकाल येईपर्यंत मांस फ्रीजरमध्ये वेगळं ठेवा आणि पिशवीवर तारीख व नोंदणी क्रमांक लिहा. रोग निघाला तर ते मांस खाऊ नका.