कुलपाच्या पोटात

(कुलपाची रचना कशी असते, ते किल्लीवाचून उघडण्याचा छंद कसा असतो आणि त्या छंदाचे नियम कोणते, याची माहिती या पाठात दिली आहे.)

घरातील सर्व माणसे बाहेरगावी निघाली, की शेवटचे काम कोणते असते? दाराला कुलूप लावणे आणि ते एकदा ओढून पाहणे! कुलूप पक्के बसले, की आपण निर्धास्त होतो.

‘कुलूप’ हा शब्द तुम्हांला परका वाटणार नाही. अरबीतील ‘कुफ्ल’ हा शब्द उर्दूत आला, तसाच तो मराठीत येऊन ‘कुलूप’ झाला. ‘चावी’ मात्र पोर्तुगीज भाषेतून आली. कुलपांसाठी उत्तर प्रदेशातील अलीगढ शहर प्रसिद्ध आहे. मुंबईत आर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये कुलपे बनवण्यास सुरुवात केली.

हे कुलूप किल्लीवाचून उघडता येते का? येते. जगात अनेक लोक छंद म्हणून ही कला शिकतात. कोणी शब्दकोडी सोडवतो, कोणी बुद्धिबळ खेळतो. तसे हे लोक कुलपाचे कोडे सोडवतात. जर्मनीत तर १९९७ मध्ये अशा हौशी लोकांनी आपली संघटनाच स्थापन केली.

हे कोडे समजण्यासाठी आधी कुलपाच्या पोटात डोकावू या. साध्या कुलपात एक गोल नळी असते. किल्ली तिच्यातच शिरते. ही नळी फिरली, की वरची कडी सुटते. नळीने सहज फिरू नये, म्हणून तिच्यात चार-पाच छिद्रे असतात. प्रत्येक छिद्रात एकावर एक अशा दोन बारीक पिना असतात आणि त्यांच्यावर स्प्रिंग असते. स्प्रिंग पिनांना खाली दाबते. त्यामुळे वरची पीन अर्धी नळीत आणि अर्धी बाहेर राहते व नळी अडते. योग्य किल्लीचे दाते प्रत्येक जोडीला नेमके हवे तेवढेच उचलतात. दोन पिनांमधला सांधा नळीच्या काठाशी येतो आणि नळी फिरते. एखादी पीन थोडी जास्त उचलली गेली, तरी कुलूप उघडत नाही.

या प्रकारचे कुलूप अमेरिकेतील लायनस येल यांनी १८६१ च्या सुमारास तयार केले. गंमत म्हणजे, प्राचीन इजिप्तमधील लाकडी कुलपांतही हेच तत्त्व वापरलेले होते.

आता छंदाकडे वळू. शिकणाऱ्याजवळ दोनच साधने असतात. एक वाकवलेली पट्टी आणि दुसरी टोकाला किंचित वळलेली बारीक सळी. पट्टीने नळीला अगदी हलका पीळ द्यायचा. कारखान्यात कितीही काळजी घेतली, तरी सगळी छिद्रे तंतोतंत एका रेषेत पडत नाहीत. केसाएवढा फरक राहतोच. त्यामुळे सगळ्या पिना एकदम अडकत नाहीत. एखादी आधी अडकते. सळीने चाचपले, तर बाकीच्या पिना सैल लागतात आणि ती एकच घट्ट लागते. तिला हळूहळू उचलायचे. सांधा काठाशी आला, की बारीक ‘टिक्’ असा आवाज होतो आणि नळी किंचित सरकते. मग दुसरी घट्ट पीन शोधायची. शेवटची पीन जागेवर आली, की नळी फिरते.

नवशिका येथे एकच चूक वारंवार करतो. तो जोर लावतो. जोर लावला, की सगळ्याच पिना आवळल्या जातात आणि बोटांना काही कळेनासे होते. येथे ताकद उपयोगी पडत नाही. सबुरी उपयोगी पडते. डोळ्यांना आतले दिसत नाही, म्हणून बोटांनी पाहायला आणि कानांनी ऐकायला शिकावे लागते.

या कलेतील एक प्रसंग प्रसिद्ध आहे. १८५१ मध्ये लंडनला मोठे प्रदर्शन भरले होते. त्या निमित्ताने ए. सी. हॉब्ज हा अमेरिकन कुलूपतज्ज्ञ तेथे आला. नावाजलेले ‘चब’ कुलूप त्याने सुमारे २५ मिनिटांत उघडले. ‘ब्रामा’ कंपनीच्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप कित्येक वर्षे मांडून ठेवले होते. ते उघडणाऱ्याला २०० गिनींचे बक्षीस होते. हॉब्जने १६ दिवसांच्या मुदतीत एकूण ५१ तास खपून तेही उघडले. लोक घाबरले. अशा गोष्टी उघड करू नयेत, असे काहींना वाटले. हॉब्जचे म्हणणे निराळे होते. कुलपातील उणीव चोराला आधीच ठाऊक असते. अंधारात असतो तो कुलपावर भरवसा ठेवणारा मालक. उणीव कळली, म्हणूनच कारागिरांना पुढे अधिक चांगली कुलपे बनवता आली.

मात्र या छंदाचे दोन नियम पक्के आहेत. पहिला नियम : जे कुलूप आपले स्वतःचे आहे किंवा ज्याच्या मालकाने परवानगी दिली आहे, त्यालाच हात लावायचा. दुसरा नियम : रोजच्या वापरातील कुलपावर सराव करायचा नाही. सळीचे टोक आत मोडले, तर घरातील माणसांना दाराबाहेर उभे राहावे लागेल. म्हणून शिकणारे सरावासाठी वेगळे कुलूप घेतात.

आपल्या बाजारातील चावीवाल्याचेच पाहा. किल्ली हरवली, की लोक त्याला घरी बोलावतात आणि दार उघडून घेतात. त्याच्या हातातील कलेइतकीच त्याच्या नावाला किंमत असते. ते नाव एकदा गेले, की त्याला कोणी दारात उभे करणार नाही.

शेजारी गावाला जाताना आपली किल्ली तुमच्या आईजवळ ठेवतात, तेव्हा ते तुमच्या घरावर विश्वास टाकतात. ती किल्ली म्हणजे अमानत. कुलूप उघडण्याचे ज्ञान हीदेखील एक किल्लीच आहे. ती ज्याच्या हाती आली, त्याने ती अमानतीसारखीच सांभाळली पाहिजे.

शब्दार्थ
निर्धास्त – बेफिकीर. सांधा – जोड. चाचपणे – हाताने अंदाज घेणे. उणीव – कमतरता. सबुरी – सब्र, धीर.

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ‘कुलूप’ हा शब्द कोणत्या भाषेतून आला?
(आ) हॉब्जने ‘ब्रामा’ कुलूप किती तासांत उघडले?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) कुलपातील सगळ्या पिना एकदम अडकत नाहीत.
(आ) वापरातील कुलपावर सराव करू नये.

प्र. ३. चावीवाल्याच्या नावाला किंमत का असते, ते तुमच्या शब्दांत लिहा.

उपक्रम : उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत वापरले जाणारे दहा शब्द शोधून वहीत लिहा.