संकष्टीचा उपास आणि इन्सुलिन

प्रश्न : आई सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन घेते. संकष्टीला चंद्रोदयाआधी तिला दरदरून घाम सुटतो, हात थरथरतात. पेढा दिला तर चालेल?

उत्तर : पेढा नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. ग्लुकोमीटरवर ७० च्या खाली आकडा दिसला, की १५ ग्रॅम, म्हणजे साधारण तीन चमचे ग्लुकोज पावडर पाण्यात ढवळून द्या. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. आकडा कमीच असेल तर पुन्हा तेवढीच द्या. सोबत व्होग्लिबोजची गोळी चालू असेल, तर घरातली साखर लवकर लागू पडत नाही, ग्लुकोजच हवे. आकडा सुधारला की सरळ जेवायला वाढा, चंद्र उगवायचा तेव्हा उगवेल! शुद्ध हरपली तर मात्र तोंडात काहीही न घालता तातडीने रुग्णालय गाठा. उपासाच्या दिवशी डोस किती घ्यायचा, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.