साठलेली कामं : पाडव्याचे तीन दिवस आणि कामांचा क्रम

या महिन्याच्या बैठकीत वाचायचा हा पाठ कारखान्यावरून घरी परतलेल्या आपल्या सदस्यांसाठी आहे. ज्या गावातच होत्या त्यांनीही ऐकावा, कारण साठलेली कामं कुणाला चुकलेली नाहीत.

२०२५ साली सुट्ट्या जोडून आल्या. शनिवार २९ मार्च, रविवारी पाडवा आणि सोमवारी ईद. शनिवारी मी वडवणी तालुक्यातल्या एका वस्तीवर गेले होते. तिथली बरीच घरं दोनच दिवसांपूर्वी उघडली होती. एक ताई सकाळपासून कामाला लागलेल्या. पाच महिने बंद असलेलं घर झाडलं, गोधड्या धुवायला काढल्या, भिंतीची जाळी काढली, अंगण सारवलं. पोटात फक्त चहा. मी पोचले तेव्हा साडेअकरा वाजले होते. मी माझा कागद काढला आणि विचारलं, "ताई, परसबाग कधी लावताय?" त्या म्हणाल्या, "मॅडम, आधी पानी कुठून आनू ते सांगा, मग लावते." एवढं बोलून त्या उठायला गेल्या आणि चक्कर येऊन तिथंच बसल्या.

शेजारणीनं सावलीत घेतलं, गूळपाणी दिलं. मंगळवारी तपासणी झाली तेव्हा हिमोग्लोबिन ८ निघालं. बाईचं ते किमान १२ असायला पाहिजे. म्हणजे पाच महिने उसाच्या मोळ्या वाहिल्या त्या एवढ्याशा रक्तावर, आणि घरी आल्यावर पहिल्याच दिवशी सगळी कामं एकदम उरकायला घेतली.

त्या दिवशी माझं चुकलं, कारण मी यादीतलं शेवटचं काम आधी विचारलं. आणि त्यांच्या यादीत स्वतःचं नावच नव्हतं. म्हणून हा पाठ कामं उरकायचा कमी आणि कामांचा क्रम लावायचा जास्त आहे.

आधी चार वाटे करा

घरी आल्यावर झाडू हातात घ्यायच्या आधी दहा मिनिटं बसा. लिहिता येत असेल तर लिहा, नसेल तर लेकराकडून लिहून घ्या. सगळ्या कामांचे चार वाटे करायचे :

१. थांबलं तर जीवाला धोका : पिण्याचं पाणी, बंद घरातले विंचू-साप, स्वतःचं दुखणं.
२. थांबलं तर पैसा किंवा हक्क जातो : मुकादमाचा हिशोब, रेशन, गटाची बचत, लेकरांची शाळा.
३. थांबलं तर चालतं : गोधड्या, भांड्यांची फळी, रंग, सारवण.
४. माझं एकटीचं नाहीच : पाणी भरणं, जड सामान हलवणं, अंगण, जनावरं.

आपण बहुतेक जणी तिसऱ्या वाट्यापासून सुरू करतो, कारण तो डोळ्यांना दिसतो आणि पाहुणे येणार असतात. पहिले दोन तसेच राहतात.

पहिला दिवस : घर आणि पाणी

बंद घरात शिरताना दारं-खिडक्या उघडून थोडा वेळ बाहेरच थांबा. सरपणाच्या ढिगात, विटांच्या आड, गुंडाळलेल्या गोधडीत, जुन्या चपलेत थेट हात-पाय घालू नका. आधी काठीनं हलवा. बॅटरीचा उजेड पाडा. लेकरांना तोवर बाहेर ठेवा. विंचू चावला किंवा साप डसला तर मंत्र-उतारा, चिरा मारणं, रक्त चोखणं यात वेळ घालवू नका. चावलेला भाग हलवू न देता सरळ सरकारी दवाखाना गाठा. सापाच्या विषावरची लस तिथं मिळते. विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरायची पद्धत ज्यांनी बसवली ते डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातले. एकेकाळी विंचवानं माणसं मरायची, आता वेळेत पोचलं तर वाचतात. वेळेत पोचणं मात्र आपल्याच हातात आहे.

मग पाणी. टाकी, हौद, रांजण पाच महिने तसेच पडलेत. तळाचा गाळ काढा, घासून धुवा, एकदा पूर्ण वाळू द्या. हजार लिटर पाण्याला साधारण ५ ग्रॅम टीसीएल पावडर लागते. आधी बादलीत कालवून, वरचं निवळ पाणी टाकीत टाकायचं आणि अर्धा तास थांबून मगच प्यायचं. पावडर ग्रामपंचायतीत मिळते. अंदाज येत नसेल तर जलसुरक्षकाला किंवा आशाताईला विचारा. इथून पुढं आठवड्यातून एक दिवस कोरडा दिवस पाळा. डासाच्या अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याला भांडं रिकामं करून घासलं की ती साखळी तुटते.

पहिल्या दिवशी एवढंच. दुपारी बारा ते चार उन्हातलं काम बंद. दोन वेळचं जेवण वेळेवर. गोधड्या कुठं पळून जात नाहीत.

दुसरा दिवस : कागद आणि हिशोब

पाडव्याला नव्या वर्षाची सुरुवात म्हणून आपण गुढी उभारतो. त्याच दिवशी घरातली पिशवी पाटावर उलटी करा : आधार, रेशनकार्ड, पासबुक, मुकादमाची चिठ्ठी, कारखान्याच्या पावत्या.

सगळ्यात महत्त्वाचा कोयत्याचा हिशोब. कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. पण उचल घेताना आणि हिशोब करताना बहुतेक वेळा एकटा पुरुषच बसतो. तुम्ही निम्मा ऊस तोडलाय, मोळ्या वाहिल्यात, गाडी भरलीय. तर हिशोबाच्या वेळी शेजारी बसायचा तुमचा हक्क आहे. चार ओळी वहीत लिहा : उचल किती घेतली, किती टन भरले, वाढ्यांचे पैसे किती आले, फेडून उरलं किती किंवा अंगावर राहिलं किती. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आहे. आपला हिशोब त्या दरानं झाला का, हे मुकादमाला विचारायला लाजू नका. न लिहिलेली बाकी पुढच्या दसऱ्याला वाढलेली दिसते, आणि ती फेडायला आपणच पुन्हा फडात उभ्या राहतो.

रेशनकार्डावर घरातल्या प्रत्येकाचं ई-केवायसी झालंय का ते रेशन दुकानात बघा. लेकरं सोबत नेली असतील तर शाळेत जाऊन हजेरीबद्दल गुरुजींशी बोला. पुढच्या हंगामात हंगामी वसतिगृहाची सोय गावात व्हावी म्हणून आत्तापासूनच शाळा व्यवस्थापन समितीत विषय काढा. दिवाळीला निघायच्या आदल्या दिवशी विचारून काही होत नाही.

आणि आपला गट. पाच महिन्यांची बचत राहिली असेल तर घाबरून बैठकीला यायचं टाळू नका. एकदम भरणं जमत नसेल तर चालू महिन्याची बचत आणि मागच्या एका महिन्याची, अशी जोडून भरा. तसा ठराव गटानं करून घ्यावा. पासबुकाची नोंद आणि गटाच्या वहीतली नोंद जुळते का ते समोर बसून बघा.

तिसरा दिवस : परसबाग, पाणी बघून

उन्हाळ्यात परसबाग लावायची की नाही, हे पाणी ठरवतं. त्या ताईंनी मला तेच शिकवलं. म्हणून दोन रस्ते.

टँकरवर असलेल्या वस्तीत आत्ता काही पेरू नका. चार बाय दहा फुटांचा तुकडा खणून माती उघडी टाका. एप्रिल-मेच्या उन्हानं मातीतल्या किडींचे कोष आणि तणाचं बी मरतं. एका कोपऱ्यात खड्डा करून त्यात शेण, पालापाचोळा, राख टाकत राहा. पावसाळ्यापर्यंत खत तयार होतं. जगलेल्या झाडांना मात्र सांभाळा. कढीपत्ता, लिंबू, पपईच्या बुडाशी पाचट किंवा भुसा पसरा, ओल टिकते. शेवग्याच्या शेंगा संपल्या की झाड जमिनीपासून तीन फुटांवर छाटा, नवीन फुटवे येतात आणि शेंगा हाताला लागतात.

भांडी-आंघोळीचं पाणी रोज दोन-चार बादल्या निघत असेल तर मडक्याची पद्धत करा. जुनं, न रंगवलेलं आठ-दहा लिटरचं मडकं गळ्यापर्यंत जमिनीत पुरा. भोवती दोडका, दुधी, काकडीच्या चार-पाच बिया लावा. मडक्यात चांगलं पाणी भरून वर झाकण ठेवा. पाणी पाझरून थेट मुळाशी जातं, उन्हात उडून जात नाही. साबणाचं पाणी मडक्यात घालू नका, त्यानं छिद्रं बुजतात. ते केळी आणि अळूला सोडा. शेजारी दोन ओळी गवार आणि भेंडी लावली तर साधारण दीड महिन्यात पहिला तोडा येतो. दुपारच्या उन्हासाठी वर जुनी साडी बांधा.

काम वाटायचं कसं?

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात असं दिसलं की घरकाम करणारी बाई दिवसाला सरासरी २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात घालवते. जे पुरुष घरकाम करतात, त्यांची सरासरी ८८ मिनिटं. म्हणजे बाईचे जवळपास पावणेपाच तास आणि पुरुषाचा दीड तास. फडावर दोघं बरोबरीनं राबतात, पण कोपीवर आल्यावर चूल एकीचीच असते, हे तुम्हाला सर्वेक्षणानं सांगायची गरज नाही.

यावर भांडण करा असं मी म्हणत नाही. यादी मोठ्यानं वाचून दाखवा. चौथ्या वाट्यातलं प्रत्येक काम वाचलं की विचारायचं, "हे कोण करणार?" आणि गप्प बसायचं. आपण लगेच "जाऊ द्या, मीच करते" म्हणतो, तिथंच सगळं अडतं. टाकी घासणं, खड्डा खणणं, पाणी आणणं ही कामं मालकांनी आणि पोरांनी करायला काहीच हरकत नाही. पोरीच्या हातात झाडू आणि पोराच्या हातात मोबाईल, एवढं तरी आपल्या घरात बदलू.

मंगळवारचं काम

सुट्टीत ओपीडी बंद असते. म्हणून यादीच्या सगळ्यात वर, पण मंगळवारच्या खात्यात, एक काम लिहा : माझी तपासणी. हिमोग्लोबिन, बीपी, आणि अंगावरून पांढरं जाणं, कंबर-ओटीपोट दुखणं याबद्दल बोलणं. पाच महिने ज्याला "होईल बरं" म्हटलं, ते सगळं सांगायचं. लोहाच्या गोळ्या मिळाल्या तर चहासोबत घेऊ नका, लिंबूपाणी चालतं.

हे मी जोर देऊन का सांगतेय? २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीपुढे आपल्या बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी आली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. दर सहा जणींमागे एक. दुखणं अंगावर काढलं, वेळेला उपचार झाले नाहीत, आणि मग "पिशवी काढून टाका, कटकट नको" असं कुणीतरी सांगितलं. कुणी तुम्हाला असं सांगितलं तर लगेच हो म्हणू नका. आधी सरकारी दवाखान्यातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. जाताना गटातली एक मैत्रीण सोबत घ्या.

त्या ताई आता गोळ्या घेतायत. परवा भेटल्या तेव्हा गोधड्यांचा ढीग अजून तसाच होता. त्यांनीच दाखवला आणि हसल्या. मडकं मात्र पुरलेलं होतं, आणि भोवतीनं दुधीचे तीन कोंब वर आले होते. खड्डा मालकांनी खणला म्हणे.

बैठकीत चर्चेसाठी

१. गेल्या महिन्यात तुम्ही पुढं ढकललेलं स्वतःच्या तब्येतीचं काम कोणतं? त्याची तारीख आज ठरवा.
२. कोयत्याचा हिशोब किती जणींनी स्वतः पाहिला? ज्यांनी नाही पाहिला, त्यांच्यासोबत वही घेऊन कोण बसेल?
३. चौथ्या वाट्यातलं एक काम या आठवड्यात घरातल्या दुसऱ्या कुणाकडे देता येईल? पुढच्या बैठकीत काय झालं ते सांगा.
४. कारखान्यावरून आलेल्या सदस्यांची मागची बचत कशी भरून घ्यायची, याचा ठराव लिहून सगळ्यांच्या सह्या-अंगठे घ्या.