हलविलेल्या रोपाची शुश्रूषा

अंगणातील मोगरा एका जागेवरून काढून दुसऱ्या जागी लावला, की दुसऱ्याच दिवशी तो मान टाकतो. नवशिका माळी घाबरतो. रोप तहानले असे समजून तो घागरीमागून घागरी ओततो. वर खतही घालतो. थोड्याच दिवसांत पाने पिवळी पडतात आणि रोप दगावते. त्याच्या मायेनेच त्याचा घात केलेला असतो.

रोप कोमेजण्याचे कारण जमिनीखाली असते. पाणी शोषण्याचे काम जाड मुळांपेक्षा कोवळ्या मुळांवरील केसांसारखे सूक्ष्म मूलरोम अधिक करतात. रोप काढताना हे नाजूक तंतू तुटून जुन्या मातीतच राहतात. इकडे पानांच्या सूक्ष्म छिद्रांतून पाण्याची वाफ बाहेर जाणे चालूच असते. आवक आटली आणि खर्च मात्र तसाच राहिला, तर सधन घराचेही दिवाळे निघते; मग रोपाची काय कथा?

म्हणून जाणता माळी प्रथम खर्च कमी करतो. मृगाच्या सरींनंतरचा ढगाळ दिवस किंवा संध्याकाळची वेळ तो साधतो. आदल्या दिवशी झाडाला पाणी देतो, म्हणजे मुळांभोवतीची मातीची हुंडी फुटत नाही. कळ्या खुडून काही फांद्या छाटतो. रोप पूर्वीइतकेच खोल लावतो, हलक्या हाताने माती दाबतो आणि लगेच पाणी देतो. दुपारच्या उन्हासाठी झावळीचा आडोसा करतो. आळ्यात पालापाचोळा पसरतो. पण तो खोडाला टेकू देत नाही.

पुढे पाणी देण्यापूर्वी तो मातीत बोट खुपसून पाहतो. माती ओली असली, तर हात आवरतो. कारण सतत चिखल राहिल्यास मुळांना हवा मिळत नाही व ती कुजतात. तीव्र खताचे क्षार जखमी मुळांना पोळतात, म्हणून खत तो लांबणीवर टाकतो.

कधी सगळी पाने गळतात. तरीही माळी रोप उपटून टाकीत नाही. फांदीची साल नखाने किंचित खरवडतो. आत हिरवा रंग दिसला, की त्याला समाधान वाटते. काही आठवड्यांनी डोळे फुटतात आणि पालवी टिकून वाढू लागते. मुळांनी नवी माती आपली म्हटल्याची ती खूण होय.

स्वाध्याय
१. रोप हलविल्यावर का कोमेजते?
२. नवशिक्या माळ्याच्या कोणत्या चुका झाल्या?
३. ‘मान टाकणे’, ‘हात आवरणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.