नोरेनची इज्जत : ओसाकाच्या एका छोट्या खाणावळीचा धडा

गादीवर बसणाऱ्याला माल ओळखता येतो, भाव ओळखता येतो, उधारी कोण बुडवील हेही हळूहळू कळू लागते. पण गिऱ्हाईक नाराज होऊन समोर उभे राहिले की काय बोलावे, हे आपल्यातल्या पुष्कळांना वीस वर्षे दुकानदारी करूनही जमत नाही. आम्ही त्यांतलेच एक होतो. हा सबक आम्हाला कापडाच्या बाजारात मिळाला नाही, जपानमधल्या एका अकरा खुर्च्यांच्या खाणावळीत मिळाला. व्यापारी बंधूंच्या उपयोगाचा वाटला म्हणून येथे मांडत आहोत.

मुंबई आणि जपान यांचा संबंध जुना आहे. १८९३ साली निप्पॉन यूसेन या जहाज कंपनीने जमशेटजी टाटांच्या सहकार्याने मुंबई-कोबे जलमार्ग सुरू केला आणि आपल्याकडचा कापूस जपानी जहाजांतून तिकडे जाऊ लागला. ओसाका शहर त्या कापसावर वाढले. तेथील सेंबा हा भाग आजही कापडाच्या घाऊक पेढ्यांसाठी ओळखला जातो. १९७० साली उघडलेली सेंबा सेंटरची इमारत उड्डाणपुलाखाली सुमारे एक किलोमीटर लांब पसरली आहे आणि तिच्यात कापड-कपड्यांची दुकानेच दुकाने आहेत. जपानमध्ये एक म्हण आहे : क्योटोचा माणूस कपड्यात बुडतो आणि ओसाकाचा खाण्यात. भिवंडीहून नमुने घेऊन आम्ही २०११ साली तेथे प्रथम गेलो, तेव्हा आमच्या दलालाने दुपारी जेवायला मागच्या गल्लीतल्या खाणावळीत नेले.

दारावरचा पडदा

कापडवाल्याची नजर आधी कापडावर जाते. दारावर निळ्या सुती कापडाचा, मधोमध चिरलेला आखूड पडदा होता. त्याला नोरेन म्हणतात. दुकान उघडले की तो बाहेर टांगायचा, बंद केले की आत घ्यायचा. पडदा बाहेर आहे म्हणजे दुकान चालू आहे. जुना, विश्वासू नोकर मालकाच्या परवानगीने त्याच नावाचे स्वतंत्र दुकान काढतो, त्याला ‘नोरेन वाटून देणे’ म्हणतात. पुढे दलालाने जे सांगितले ते आम्ही वहीत लिहून घेतले. जपानी जमाखर्चात एखाद्या धंद्याच्या नावलौकिकाची जी किंमत धरतात, ज्याला आपण गुडविल म्हणतो, तिलाही नोरेन हाच शब्द आहे. म्हणजे गिऱ्हाइकाचा भरवसा ही तिकडे ताळेबंदात मांडायची रक्कम आहे आणि तिचे नाव दारावरच्या पडद्याचे आहे.

घरची माणसे, मोजका माल

आत एक लांब फळी आणि तिच्यासमोर अकरा खुर्च्या. फळीपलीकडे मालक स्वतः रांधतो. त्याला सगळे ‘ताइशो’ म्हणतात. त्याची बायको ऑर्डर घेते, ताटे देते आणि गल्ला सांभाळते. मालकाची आई मागे बसून लोणची घालते. मुलगा कॉलेज सुटल्यावर भांडी धुतो. पगारी नोकर एकही नाही.

दुपारी तेइशोकू मिळते. तेइशोकू म्हणजे ठरलेले ताट : भात, मिसोचे सूप, लोणचे आणि एक मुख्य पदार्थ. मुख्य पदार्थ रोज तीनच. सकाळी जेवढा माल विकला जाईल तेवढाच आणायचा. संपला की भिंतीवरची पाटी उलटी करायची. ‘थोडे थांबा, करून देतो’ असे सांगून गिऱ्हाइकाला बसवून ठेवायचे नाही. शिळा माल दुसऱ्या दिवशी खपवायचा नाही. आमच्या गोदामात तीन-तीन सीझनचे ताके पडून असतात, त्यामुळे ही शिस्त पाहून आम्हाला जरा शरम वाटली.

फळीसमोर बसण्याचा एक फायदा मालकालाही होतो. परत आलेले ताट तो स्वतः पाहतो. कोणी सूप अर्धे टाकले, कोणी लोणच्याला हात लावला नाही, हे त्याला विचारावे लागत नाही. तक्रार तोंडाने करणारे गिऱ्हाईक दहात एखादे असते. बाकीचे गुपचूप उठतात आणि पुन्हा येत नाहीत. ताटात उरलेले अन्न हे त्यांचे न बोललेले मत आहे, ते वाचता आले पाहिजे.

विचारण्याआधी सांगणे

जपानमध्ये पुष्कळ खाणावळींच्या काचेत पदार्थांचे हुबेहूब नमुने मांडलेले असतात. पूर्वी ते मेणाचे असत, आता प्लास्टिकचे असतात. इवासाकी ताकिझो नावाच्या गृहस्थाने १९३२ साली ओसाकात हा धंदा सुरू केला. ताटात काय येणार, किती येणार आणि दाम किती, हे गिऱ्हाईक आत पाऊल टाकण्याआधीच पाहते. निम्मी भांडणे येथेच मिटतात. तेथे बक्षिसी देण्याचीही पद्धत नाही, त्यामुळे लिहिलेला दाम हाच शेवटचा दाम. आपण मात्र पन्हा किती, कापड किती आटेल, रंग कसा आहे, हे गिऱ्हाइकाने विचारेपर्यंत बोलत नाही. मग नंतर घातलेला वाद महागात पडतो.

खारट माशाची गोष्ट

दुसऱ्या दिवशी आमच्या शेजारी एक म्हातारे, नेहमीचे गिऱ्हाईक बसले होते. त्यांनी साबा मासा मागवला. साबा म्हणजे आपल्या बांगड्याचा भाऊबंद. एक घास खाऊन ते हळूच म्हणाले, ‘आज मीठ जास्त आहे.’

आमच्या दुकानात असे झाले असते तर आम्ही म्हटले असते, ‘बाकी कोणी तर बोलले नाही.’ मालकिणीने वाकून माफी मागितली, ताट उचलले, दुसरे आणून ठेवले आणि निघताना त्यांच्याकडून पैसे घेतले नाहीत. मालकाने परत आलेल्या माशाचा तुकडा स्वतः चाखला. तिसऱ्या दिवशी तेच गृहस्थ आले तेव्हा मालकाने त्यांना सांगितले, ‘मासा नव्या ठिकाणचा होता, मुळातच खारवलेला होता आणि आम्ही रोजच्या अंदाजाने वर मीठ लावले. चूक आमची.’

यात तीन पायऱ्या आहेत. पहिली माफी, दुसरी भरपाई, तिसरी कारण शोधून ते गिऱ्हाइकाला कळवणे. पहिल्या दोन आपल्याकडेही कोणी कोणी करतात. तिसरी जवळजवळ कोणी करत नाही. पण ती केली तरच तीच चूक पुन्हा होत नाही आणि आपले बोलणे वाया गेले नाही हे गिऱ्हाइकाला समजते.

साफ नकार

आता आमचा स्वतःचा प्रसंग. दलालाच्या मार्फत आम्ही विचारले, ‘यात डुकराचे काही आहे का? दारू आहे का?’ ती बाई ‘नाही, नाही, बिनधास्त खा’ असे म्हणू शकली असती. आम्हाला काय कळणार होते? पण ती आत गेली आणि बाटल्या-डबे घेऊन आली. एकेक फळीवर मांडून तिने सांगितले : सूपचा अर्क कोंबू नावाच्या समुद्रशेवाळाचा आणि वाळवलेल्या माशाचा आहे, त्यात अडचण नाही. पण शिजवताना मिरिन पडते. ते तांदळापासून केलेले गोड द्रव असते आणि त्यात सुमारे १४ टक्के मद्यार्क असतो. मिसोच्या डब्यावरची बारीक अक्षरे वाचून ती म्हणाली, ‘यातही टिकण्यासाठी मद्यार्क घातला आहे. हे आम्हालाही आजच कळले.’ शिवाय मासा ज्या जाळीवर भाजतात, तिच्यावर डुकराचे मांसही भाजले जाते. मग ती म्हणाली, ‘तुम्हाला चालेल असे मी सांगू शकत नाही.’

त्या दिवशी आम्ही साधा भात, उकडलेले अंडे आणि मीठ लावलेले तोफू खाल्ले. तिने फक्त भाताचे पैसे घेतले. आम्ही अर्धपोटी उठलो, पण त्या दुकानावर आमचा जेवढा भरवसा बसला तेवढा पोटभर जेवूनही बसला नसता.

२०१६ साली पुन्हा गेलो तेव्हा तिने आमच्यासाठी वेगळा तवा काढला. माशाला फक्त मीठ लावून तो त्यावर भाजला आणि तरीही सांगितले, ‘तवा वेगळा आहे, पण स्वयंपाकघर एकच आहे. खायचे की नाही ते तुम्ही ठरवा.’ गिऱ्हाइकाची सोय करणे आणि गिऱ्हाइकाला खरे सांगणे ही दोन वेगळी कामे आहेत. तिने दोन्ही केली आणि एकाच्या आड दुसरे लपवले नाही.

आम्ही काय केले होते

त्या फळीसमोर बसून आम्हाला २००८ सालची गोष्ट आठवली. आमच्या वालिदांच्या वेळेपासूनचे एक गिऱ्हाईक शाळेच्या गणवेशाचे कापड नेत असे. त्याने विचारले, ‘रंग पक्का आहे ना?’ आम्ही म्हटले, ‘एकदम पक्का.’ आमच्याजवळ रंगवणाऱ्याच्या शब्दाखेरीज कसलाही आधार नव्हता. एक पट्टी कापून साबणाच्या पाण्यात बुडवून पाहण्याचेही कष्ट आम्ही घेतले नव्हते. पहिल्याच धुण्यात निळा रंग पांढऱ्या सदऱ्यांना लागला. तो तक्रार घेऊन आला तेव्हा आम्ही म्हटले, ‘गरम पाण्यात धुतले असेल.’ तो काही न बोलता निघून गेला.

ओसाकाहून परतल्यावर आम्ही त्याच्या घरी गेलो, चूक कबूल केली आणि त्या मालाचे पैसे पुढे ठेवले. त्याने पैसे घेतले, चहा दिला, ऑर्डर दिली नाही. आजतागायत दिली नाही. आम्हाला त्याचा राग नाही. ‘माहीत नाही, तपासून सांगतो’ एवढे चार शब्द आम्ही वेळेवर बोललो असतो, तर एका पिढीची कमाई वाचली असती.

भाव वाढवायचा तर

२०२४-२५ मध्ये जपानमध्ये तांदळाचा भाव वर्षभरात जवळजवळ दुप्पट झाला. भातावर चालणाऱ्या खाणावळीला हा मोठा मार होता. २०२५ साली आम्ही गेलो तेव्हा भिंतीवर हाताने लिहिलेला कागद होता. दलालाने वाचून दाखवला : तांदूळ महागला आहे, पुढच्या महिन्यापासून दुसरी वाटी फुकट देता येणार नाही, पहिल्या वाटीचे माप तेच राहील, ज्याला कमी भात हवा त्याला ताट स्वस्त मिळेल, माफ करा. माप गुपचूप कमी करण्याचा मार्ग त्यांनाही मोकळा होता. पण फळीपलीकडे बसलेला माणूस रोज तीच वाटी खातो, त्याच्या हाताला फरक कळतोच. आपल्याकडे मीटरमागे चार बोटे मारणारे हे विसरतात.

दुसरी बाजू

सगळे सोन्याचे आहे असे आम्ही म्हणत नाही. नवरा-बायको पहाटेपासून रात्रीपर्यंत राबतात. मुलगा शिकून कंपनीत लागला, तो ही फळी सांभाळणार नाही. वारस नाही म्हणून अशी कितीतरी घरगुती दुकाने जपानमध्ये बंद होत आहेत. शिवाय गिऱ्हाइकाला जवाब देण्याची हीच एक रीत आहे असेही नाही. ओसाकाजवळच शिराइशी योशिआकी यांनी छोट्या दुकानात माणसे पुरेनात म्हणून १९५८ साली फिरत्या पट्ट्यावर सुशीच्या ताटल्या ठेवल्या. गिऱ्हाइकाला ताबडतोब आणि स्वस्त खाणे मिळाले आणि तो प्रकार जगभर पसरला. ज्याला वाढायचे आहे त्याने तसा रस्ता शोधावा. पण ज्याचे दुकान अकरा खुर्च्यांचेच राहणार आहे, त्याचे भांडवल त्याची जबान आहे.

आम्ही दुकानात चार गोष्टी सुरू केल्या आहेत. नव्या लॉटमधली पट्टी धुऊन पाहिल्याशिवाय रंगाबद्दल बोलायचे नाही. कापड किती आटते ते ताक्यावर चिठ्ठी लावून लिहायचे. तक्रार आली की आधी माल पाहायचा, गिऱ्हाइकाच्या धुण्याची चौकशी नंतर. आणि तक्रारीची वही ठेवायची, तिच्यात कारण लिहून होईपर्यंत पान उलटायचे नाही. मुलांना सुरुवातीला हे जड गेले, कारण ‘माहीत नाही’ म्हटले की दोन गिऱ्हाइके समोरच्या दुकानात जातात. जातात, हे खरे आहे. त्यांतली काही परत येतात आणि आल्यावर त्याच प्रश्नासाठी येतात : ‘तुम्ही सांगा, रंग कसा आहे?’