सायकलचे हँडल : ढिले, घट्ट आणि बरोबर

बालमित्रांनो, सायकल चालवताना पुढून 'टक् टक्' आवाज येतो का? पुढचा ब्रेक घट्ट दाबून सायकल पुढेमागे हलवा. हँडलखालच्या नळीच्या तोंडाशी बोट लावा. खेळ जाणवला, तर तुमच्या सायकलीचा कोन ढिला झाला आहे.

जुन्या पद्धतीच्या सायकलीत चिमट्याच्या दांड्याला आटे असतात. त्यावर छर्र्यांना दाबणारा कोन, मग वॉशर आणि सर्वांत वर चेकनट. (वर असा नटच दिसत नसेल, तर ती बिनआट्यांची नवी पद्धत. तिची रीत वेगळी.)

आमच्या लेकीच्या सायकलीला हाच खेळ होता. आम्ही दोघे इंजिनियर! कोन पान्याने चांगला आवळला. आवाज गेला. संध्याकाळी कुरमच्या किनाऱ्याजवळ ती जेमतेम दहा पावले गेली आणि धाडकन पडली. गुडघा फुटला. "बाबा, सायकल माझं ऐकतच नाही," म्हणाली. आम्ही आधी तिलाच दोष दिला, हे कबूल करायला हवे. मग पुढचे चाक उचलून हँडल सोडले, तर ते होते तिथेच चिकटून राहिले!

सायकलस्वार तोल सांभाळतो तो हँडलच्या बारीक बारीक वळण्याने. ते जड झाले की तोल गेलाच. शिवाय छर्रे कपात रुतून खड्डे पडतात ते वेगळेच.

आता बरोबर रीत. हँडल काढायची गरज नाही. चेकनट सैल करा. कोन हाताने, खेळ जाईपर्यंत फिरवा आणि किंचित, साधारण एक अष्टमांश फेरी, मागे घ्या. का? चेकनट आवळताना तो कोनाला आट्यांतल्या फटीइतका खाली दाबतो. ती जागा आधीच सोडायची. मग एका पान्याने कोन धरून दुसऱ्याने चेकनट आवळा. पुन्हा तपासा. आम्हांला चार वेळा करावे लागले.

खेळ नाही, आणि उचललेले चाक हलक्या धक्क्याने दोन्हीकडे आपोआप वळते, म्हणजे जमले. सरळ रेषेत येताच खाचेत अडकल्यासारखे वाटले, तर कपांना खड्डे पडले आहेत. ते बदलावेच लागतील. मस्कतच्या खाऱ्या हवेत आणि धुळीत ग्रीस वर्षातून एकदा तरी बदलावे.

स्वाध्याय : आमच्या सायकलीला इंचात 24 आटे आहेत. 1 इंच म्हणजे 25.4 मिलिमीटर. तर एक अष्टमांश फेरीत कोन किती सरकेल? (उत्तर : सुमारे 0.13 मिलिमीटर)