काका, भाडं पाठवलंय

कोथरूडच्या आमच्या फ्लॅटचा लिव्ह अँड लायसन्स करार एका मुलाच्या नावावर होता. अकरा महिने संपले, तो बंगळूरला गेला आणि त्याचा मावसभाऊ मागे राहिला. ‘‘महिनाभर राहू द्या काका, खोली शोधतोय.’’ एक तारखेला फोनवर अठरा हजार आले, खाली ‘जूनचं भाडं, थँक यू काका’. मी उत्तरादाखल अंगठा पाठवला. असे चौदा अंगठे पाठवले.

मग मुलीला जागा हवी झाली. त्याला सांगितलं, तर म्हणाला, ‘‘भाडं कधी चुकवलंय का?’’ नव्हतंच चुकवलं. घोडं तिथेच पेंड खात होतं.

वकीलबाईंनी आधी पासबुक मागितलं. घुसून बसलेला माणूस वेगळा आणि ज्याचं भाडं आपण मुकाट्याने घेतलं तो वेगळा, म्हणाल्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९च्या कलम ५५प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, अकरा महिन्यांचा असला तरी, आणि ती जबाबदारी मालकाची. कागद नसेल तर अटींबाबत राहणारा म्हणेल ते खरं. खोटं असेल तर तसं आपण सिद्ध करायचं. वर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, तोही मालकालाच. स्टॅम्पपेपरवर नोटरी केली की झालं, असं समजणारा मी एकटा नाही.

रागाच्या भरात म्हटलं, कुलूप बदलतो. बाई हसल्या. पाणी-वीज तोडली तर कलम २९ आडवं येतं. बळाने बाहेर काढलं तर तो सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो आणि तिथे मालकी कोणाची हे बघतच नाहीत.

उरल्या दोन वाटा. एक, पैसे घेणं थांबवून वकिलामार्फत नोटीस आणि मग स्वतःला गरज आहे म्हणून लघुवाद न्यायालयात दावा. त्याला किती वर्षं लागतील, हे बाईंनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दुसरी, त्याच्याशीच आता रीतसर नोंदणीकृत करार. मुदत संपूनही हलला नाही, तर कलम २४खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि तेव्हापासून दुप्पट रक्कम मागता येते. दावा नको, असं त्यालाही वाटत होतंच. डिपॉझिट कमी केलं आणि तो तयार झाला. ज्यांच्याकडे असा कुणी राहतोय, त्यांनी पुढचं भाडं घेण्याआधी हे बोलणं करावं. करार नसताना पैसे घेत राहून वर नोटीस पाठवणं म्हणजे आपलीच बाजू लंगडी करणं.

नोंदणीला एजंट मशीन घेऊन घरीच आला. त्या पोराचा ठसा पहिल्या फटक्यात उमटला. माझा काही केल्या घेईना. साठीनंतर रेषा पुसट होतात म्हणे. हिने ओल्या फडक्याने अंगठा पुसून दिला, दोनदा दाबला, तिसऱ्यांदा हिरवा दिवा लागला. तोवर तो पोरगा शेजारी बसून म्हणत होता, ‘‘काका, थोडा जोरात दाबा.’’